नळ्यातला बोळा

सूनबाईने स्वयंपाकघरात चिमणी बसवून घेतली आहे. बटण दाबलं की ती सूं करून चालू होते आणि फोडणीचा ठसका, वास, वाफ सगळं ओढून बाहेर टाकते. महाळुंग्यात आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता उंच इमारती झाल्या, तिथे सगळ्यांकडे असलं यंत्र असतं म्हणे. ते चालू झालं की मी करत असेन ते काम थांबतं. सूनबाई विचारते, "आई, काय झालं?" मी म्हणते, काही नाही. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, घरातही फारसं जमत नाही. तो आवाज मी फार लहानपणी ऐकला आहे, कोळवणच्या खोऱ्यात, आमच्या मातीच्या घरात, जिथे वीज नव्हती आणि यंत्र म्हणून एक पिठाचं जातं होतं. कुणाला सांगायला गेले तर सांगता येणार नाही, म्हणून दुपारी सगळे बाहेर गेले की बसून लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकलेलं तेवढं कामाला येतं.

आमचं घर दोन खणांचं. पुढे ओटी, मागे परडं, आणि मधे एकच मोठी खोली, तिच्या एका कोपऱ्यात चूल. पावसाळ्यात दार उघडं ठेवायची सोय नसायची, आत पाऊस यायचा. ओलं सरपण घातलेली चूल आणि बंद घर, म्हणजे धुराला जायला वाटच नाही. तो वर चढायचा, माळ्याला लागून पसरायचा आणि तिथून हळूहळू खाली यायचा. आम्ही पोरं जमिनीवर पालथी पडून असायचो, खाली धूर कमी लागतो म्हणून. आईला तसं पालथं पडता येत नव्हतं. तिचे डोळे कायम लाल आणि ओले असायचे. सुईत दोरा मीच ओवून द्यायची. रात्री ती खोकायची आणि दादा, म्हणजे माझे वडील, झोपेतच म्हणायचे, "पानी पी." आमच्याकडे दादांची मोठी बहीण राहायची, तिला नवरा नव्हता. आम्ही तिला आत्या म्हणायचो आणि आई वन्सं म्हणायची. आत्या म्हणायची, "चुलीपुढची बाई रडतीच. तिला कोन इचारतंय का रडती म्हनून."

पण धूर नुसता डोळ्यांत जात नव्हता. चुलीच्या बरोबर वर माळा होता आणि माळ्यावर आमचं सगळं वर्ष ठेवलेलं असायचं. बियाण्याचं भात पेंढ्यात गुंडाळून, दोरीने आवळून त्याचे मोठे गोळे करत, त्यांना मुडे म्हणत. आंबेमोहोराचे मुडे एका बाजूला, वरईचं बी मडक्यात, सुके बोंबील वेताच्या टोपलीत, पावसात डोक्यावर घ्यायची इरली, नांगराचा जास्तीचा फाळ, सगळं वर. सगळं काळं झालेलं. मुड्यांना हात लावला तर बोटं चिकट व्हायची आणि बोटांना जो वास यायचा तो मला अजून आवडतो. आंबेमोहोराचं बी आत्याच्या हातचं होतं. कणसं निवडायची ती, वाळवायची ती, मुडा बांधताना दोरी दातात धरायची ती. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे.

त्या काळात गावात सरकार यायला लागलं. असंच म्हणत सगळे, सरकार आलं. आधी पाठीला पंप बांधलेली माणसं आली, त्यांनी भिंतींवर पांढरं औषध मारलं आणि दारावर काहीतरी आकडे लिहून गेले. मग शेणाचा खड्डा कसा खणायचा ते सांगायला कुणी आलं. मग भात दोरी धरून सरळ ओळीत लावायचं, जपानी लोक तसं लावतात, असं सांगायला एक तरुण माणूस आला. तो चिखलात उतरला आणि त्याची चप्पल चिखलात राहिली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. शाळेत दुधाची पावडर कालवून द्यायचे, तिला डब्याचा वास यायचा. खालच्या आळीचा धोंडीमामा म्हणायचा, "आजपातुर आपल्याकडं कुनी फिरकलं न्हाई. सरकार रस्ता चुकलंया जनू. चुकलंय तवर पानी पाजून घ्या त्येला."

आणि मग बाई आल्या. त्यांचं नाव विमलबाई, पण गावात त्यांना नुसतं बाई म्हणत. त्या ग्रामसेविका होत्या. पांढरं पातळ, खांद्याला शबनम पिशवी, एसटीने यायच्या आणि फाट्यापासून चालत. पाटलांच्या पडवीत त्यांना एक खोली दिली होती. वय काही फार नसणार. आता हिशोब करते तर माझ्या नातीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण तेव्हा मला त्या फार मोठ्या वाटायच्या. त्यांच्याजवळ गेलं की साबणाचा वास यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी देवळात बायकांना जमवलं आणि म्हणाल्या, "आपल्या गावातली गरिबी आपण सगळ्यांनी मिळून घालवायची आहे." बायका एकमेकींकडे बघत बसल्या. मी आईच्या मागे पदर धरून बसले होते.

घरी येताना मी आईला विचारलं, "आई, आपन गरीब हाय का गं?"

"कुनी सांगितलं?"

"बाईंनी."

आई थोडं चालली. मग म्हणाली, "त्यास्नी इचारायचं हुतंस, कवापासनं."

तिने हे रागाने म्हटलं की चेष्टेने, हे मला कळलं नाही. आमच्याकडे भात होतं, दोन बैल होते, म्हैस होती. नवं भात यायच्या आधी शेवटी शेवटी भाताच्या पेजेवर आणि हुलग्याच्या माडग्यावर दिवस काढायचे, पण ते सगळेच काढायचे. गरीब म्हणजे गावाबाहेर पालं टाकून राहायचे ते, असं मी समजत होते. त्या दिवसापासून मी आमच्या घरातल्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पितळेची एक पातेली होती. ती असलेला माणूस गरीब असतो का, याचा मी बराच विचार केला.

भात झोडून झालं, मुडे माळ्यावर चढले, आणि त्यानंतर बाई आमच्या घरी आल्या. आत पाऊल टाकल्याबरोबर त्यांना ठसका लागला. डोळे पुसत त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही यात कशा बसता हो?" आई म्हणाली, "बसायलाच लागतंय." बाई म्हणाल्या, "बिनधुराची चूल करू. तुमच्या घरापासून सुरुवात." आमचंच घर का, ते मला माहीत नाही. कदाचित आईचे डोळे बघून असेल.

बाईंनी पदर खोचून स्वतः माती मळली. माती, शेण, भाताचा तूस. आई आणि त्या दोघी समोरासमोर बसून मळत होत्या आणि बोलत होत्या. आई परक्या माणसाशी इतकं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. चूल झाली ती एका बाजूने बंद, वर दोन भोकं, आणि मागून भाजलेल्या मातीचा नळा, तो मागच्या भिंतीतून पार परड्यात काढलेला. बाहेर त्याचं तोंड माझ्या डोक्याच्या वर येईल एवढ्या उंचीवर होतं. वाळल्यावर आईने पहिल्यांदा लाकूड घातलं, फुंकलं, आणि नळ्यातून सूं असा आवाज आला. धूर गेला. घरात काहीच झालं नाही. आई फुंकणी हातात धरून तशीच बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "ती भित किती काळी झालीया." जाळ चालू असताना तिने ती भिंत कधी बघितलीच नव्हती.

महिना दोन महिन्यांत तिचे डोळे निवळले. मी एकदा सुई घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मला दिसतंय." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण तो दोरा ओवून द्यायचं काम माझं होतं आणि ते गेलं, हेही मनात आलं. खोकला कमी झाला. दादा मात्र जेवताना कुरकुरायचे. नव्या चुलीत निखाऱ्यापुढे भाकरी उभी करायला जागा नव्हती, ती तव्यावरच भाजावी लागायची आणि फुगायची नाही. "सरकारी भाकरी हाय," दादा म्हणायचे आणि खायचे. आत्या म्हणायची, "धुराबिगर कालवन म्हंजी मिठाबिगर." पण तीही खायची.

बाई आता रोज यायच्या. आईबरोबर बसायच्या, मला वाचायला लावायच्या. मी चौथीत होते. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा पौडला, तिथे मुलीला रोज पाठवायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. एके दिवशी बाई म्हणाल्या की पुण्यात खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह आहे. राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट. मोठे साहेब ठरवतात कुणाला घ्यायचं ते, आणि तेच साहेब उन्हाळ्यात आपली चूल बघायला येणार आहेत. "शेवंताने त्यांना चुलीची माहिती सांगायची," बाई म्हणाल्या. "चूल त्यांना आवडली आणि ही नीट बोलली, तर माझा शब्द राहील. जागा एकच आहे."

दादा म्हणाले, "बघू."

आई म्हणाली, "घेऊन जावा बाई तिला."

इतक्या पटकन म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने बाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही, ती चुलीतलं लाकूड पुढे सारत होती. मला जायचं होतं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पुणं मी बघितलं नव्हतं. वसतिगृह म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, मला वाटायचं ते एक फार मोठं देऊळ असेल. कधी वाटायचं, आत्ता निघावं. कधी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला की वाटायचं, हिला सोडून कुठे जायचं. हे आजही तसंच आहे. त्या दिवसांतलं मला काय हवं होतं असं कुणी विचारलं, तर मी दोन्ही सांगेन आणि दोन्ही खरं असेल.

होळी झाल्यावर आत्या माळ्यावर चढली. इरली खाली काढायची होती, डागडुजीला. तिने एका मुड्याला धक्का दिला आणि त्यातून बारीक राखाडी पाखरं उडाली. आत्या वरच बसून राहिली. मग तिने मुडा खाली दिला, दोरी सोडली. वरच्या थरातल्या दाण्यांना टाचणीने पाडावं तसं भोक होतं. दाबला की दाणा पोकळ. असं आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं, कारण आमच्या घरात कधी धूर थांबलेला नव्हता. हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आत्याने माळ्याकडे बघितलं, मग नळ्याकडे बघितलं, झालं.

"वयनी," आत्या म्हणाली, "तुझं डोळं ऱ्हातील आन आमचं बी जाईल."

आई खाली सांडलेले दाणे वेचायला लागली.

"पेरायचं काय? डोळं पेरायचं?"

दादांनी कोपऱ्यातली पहार उचलली. "मोडून टाकतो. आपल्याला हे न्हाई मानवत."

तेव्हा आई उठली आणि चुलीच्या आणि दादांच्या मधे उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "सायेब येऊन गेल्याबिगर न्हाई. पोरीचं काम हुयाचंय."

दादा पहार घेऊन बाहेर गेले आणि बराच वेळ बांधावर नुसतेच बसले. वाट आत्याने काढली. बाकीचे मुडे वाचवायचे तर धूर हवा, आणि साहेब येईपर्यंत चूल हवी. मग संध्याकाळचं रांधून झालं की आत्या परड्यात जायची, पेंढ्याचा एक बोळा वळायची आणि नळ्याच्या बाहेरच्या तोंडात घालायची. मग चुलीत ओलं शेणकूट आणि कडुलिंबाचा पाला. नळा बंद म्हणून धूर घरात उलटायचा आणि माळ्याला जायचा. आम्ही सगळे ओटीवर झोपायचो. सकाळी आई उठून आधी परड्यात जायची, बोळा उपसून टाकायची, आणि मग चूल पेटवायची. पेंढ्याचा बोळा काय, एका हाताने निघायचा. बाईंना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं नव्हतं, पण कुणी सांगितलं नाही. पाखरं कमी झाली. आईचे डोळे दिवसा बरे आणि सकाळी जरा लाल. बाई दुपारी यायच्या आणि म्हणायच्या, "बघा वहिनी, किती फरक पडला." आई म्हणायची, "व्हय, लई फरक हाय." ते खोटं नव्हतं. पण खरं होतं असंही मला म्हणता येत नाही.

साहेब यायचे ठरले तेव्हा वैशाखातली उन्हं होती. बाईंनी मला चार वाक्यं लिहून दिली. या चुलीला बिनधुराची चूल म्हणतात. या चुलीमुळे घरात धूर होत नाही. डोळ्यांचे व छातीचे आजार टळतात. लाकूड कमी लागते व गृहिणीचा वेळ वाचतो. गृहिणी कोण, ते मला माहीत नव्हतं, बाईंच्या ओळखीची कुणी असेल असं वाटलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी परड्यात बसून तेच म्हणत होते. दारात आई वाकळ शिवत होती. वसतिगृहात अंथरूण आपलं न्यायचं होतं, म्हणून तिने आपलं हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं, फाडलं होतं आणि मला पुरेल एवढी लहान वाकळ शिवत होती. मी अडले की ती दोरा तोडता तोडता म्हणायची, "छातीचं आजार." तिला माझ्याआधी पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच आल्या. चूल नव्याने सारवली, समोर रांगोळी काढली. साहेब येईपर्यंत चूल पेटवायची नाही, स्वच्छ राहू दे, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही रात्रीचा भात ताकाबरोबर खाल्ला. उन्हं चढल्यावर जीपचा आवाज आला. सगळं गाव आमच्या अंगणात. साहेब जाडसर, हसऱ्या तोंडाचे होते, त्यांच्याबरोबर आणखी एक साहेब आणि एक चष्मा लावलेल्या बाई. चप्पल काढून ते आत आले, हे मला आवडलं. मला चुलीशेजारी उभं केलं. मी साहेबांच्या बोटातल्या अंगठीकडे बघत होते.

"पेटवा वहिनी," बाई म्हणाल्या.

आईने काडी ओढली. सरपण वाळलेलं होतं, लगेच पेटलं. मी आवाजाची वाट बघत होते. सूं झालं की सुरू करायचं असं बाईंनी मला शिकवलं होतं. आवाज आला नाही. त्याऐवजी चुलीच्या तोंडातून एक जाड धूर वळून बाहेर आला, मग वरच्या भोकांतून, मग भांड्यांच्या कडेने. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या घाबरून बघत होत्या, पण मला वाटलं त्या खूण करतायत. म्हणून मी सुरू केलं.

"या चुलीला बिनधुराची चूल म्हणतात."

दारातून कुणीतरी हसलं. साहेबांनी रुमाल काढला.

"या चुलीमुळे घरात धूर होत नाही."

आता सगळे हसत होते. धोंडीमामा बाहेरून म्हणाला, "व्हय व्हय, घरात न्हाई, गावात हुतोय." मला साहेब दिसेनासे झाले होते. थांबायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, चार वाक्यं होती म्हणून मी चारही म्हटली, गृहिणीपर्यंत. शेवटी साहेबांचा हात माझ्या डोक्यावर आला. ते खोकत होते, हसतही होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "पुरे बाळ, पुरे," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

मी धुरातून मागच्या दाराने परड्यात पळाले. बाई तिथे आधीच पोचल्या होत्या. त्यांनी एक लाकूड पायाखाली घेतलं आणि नळ्याच्या तोंडात हात घातला. एका हाताने निघेना. दोन्ही हातांनी ओढल्यावर बोळा बाहेर आला. तो पेंढ्याचा नव्हता. हिरवं कापड होतं, तांबड्या काठाचं, घट्ट पिळून बसवलेलं. नळ्यातून भसकन धूर निघाला आणि मग आतून तो आवाज आला, सूं, अगदी नीट. चूल चांगली चालत होती.

आई दारात येऊन उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या कापडाकडे. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी कापड झटकलं, घडी घातली आणि आईच्या हातात दिलं. आईने ते घेतलं. मग बाई पुढच्या अंगणात गेल्या आणि साहेबांना सांगायला लागल्या की नळा तुंबला होता, आता बघा, आता धूर नाही. पण साहेब जीपशी उभे होते, त्यांना आणखी दोन गावं करायची होती. "होतं असं," ते म्हणाले. चष्म्याच्या बाईंनी माझं नाव विचारलं. मला ते सांगता आलं नाही.

संध्याकाळी आत्याने आपणहून सांगितलं, "म्या काल बोळा घातलाच न्हवता. सायेब येनार म्हनून म्हनलं एक दिस धूर नगं." ती दादांना सांगत होती, पण बघत होती आईकडे. आई भाकरी थापत होती. थापायचं थांबली नाही.

वसतिगृहातली जागा दुसऱ्या गावच्या मुलीला मिळाली. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली होती. जायच्या आधी त्या आमच्याकडे जेवायला आल्या, आईने त्यांच्यासाठी आंबेमोहोराचा भात आणि खेकड्याचं कालवण केलं. खेकडा कसा फोडायचा ते आईने त्यांना दाखवलं. निघताना बाईंनी विचारलं, "डोळे कसे आहेत, वहिनी?" आई म्हणाली, "बरं हायेत." त्या आईवर का रागावल्या नाहीत, हे मला कधीच समजलं नाही. कदाचित त्यांना काहीतरी कळलं होतं जे मला कळलं नाही, किंवा त्यांनाही कळलं नव्हतं आणि विचारायला लाज वाटली. चूल मात्र दादांनी मोडली नाही. ती आमच्याकडे कितीतरी वर्षं राहिली, दिवसा बिनधुराची आणि संध्याकाळी धुराची. त्या वर्षी जेवढं बी वाचलं तेवढं पेरलं, उरलेलं आत्याने नात्यातल्या लोकांकडून आणलं आणि वर्षभर त्याला नावं ठेवली.

सरकारने गरिबी घालवली का, मला सांगता येणार नाही. आमच्या खोऱ्यात आता शहरातल्या लोकांची शेतघरं आहेत, कुंपणं आहेत. आईचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, हे मात्र बाईंचं. मी शिकले नाही, हे कुणाचं, तिथे माझा गोंधळ होतो.

आई शेवटचं वर्ष माझ्याकडे होती, इथे महाळुंग्यात. एकदा तिच्या पायाला तेल लावत होते. सहज विषय निघाल्यासारखं करून मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, त्या दिवशी नळ्यात लुगडं कुनी घातलं हुतं गं?"

तिला कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. "पेंढा संपला हुता," ती म्हणाली.

"आत्या तर म्हनाली, त्या दिशी धूर करायचा न्हवता."

"तिला काय. बी किडत हुतं."

"म्हंजी तूच घातलास? आन सकाळी काढायचा ऱ्हायला?"

"पेंढा संपला हुता म्हनलं ना," ती म्हणाली, आणि पाय ओढून घेऊन भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तशीच म्हणाली, "वाकळ हाय का गं ती?" मी म्हटलं आहे. ती आहेच. हिरवी, तांबड्या काठाची, लहान. एका कडेला काठ पुरला नाही म्हणून तिथे दुसरं कापड जोडलेलं आहे.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. पेंढा खरंच संपला असेल, तर तिने बियांसाठी हाताला लागलं ते कापड कोंबलं आणि सकाळी चूल पेटवायची नव्हती म्हणून काढायचं विसरली, एवढंच. तिचे हात घाईचेच होते. आणि पेंढा संपला नसेल, तर काय, हे मी पुढे मनात येऊ देत नाही. चिमणी चालू झाली की मी परत त्या आदल्या संध्याकाळच्या परड्यात जाते. ऊन उतरलं आहे, म्हैस रवंथ करते आहे, दारात आई दाताने दोरा तोडते आहे, आणि मी बसून म्हणते आहे, डोळ्यांचे व छातीचे आजार टळतात. मी जमिनीवर बसलेली नाही, कशावर तरी जरा उंचावर बसलेली आहे, पाय खाली सोडून. पोटऱ्यांना बारीक बारीक टोचतंय आणि मी मधूनमधून खाजवते आहे. पेंढा टोचतो. पण आमच्या परड्यात करवंदीच्या सरपणाचाही ढीग असायचा, आणि तेही टोचतं.